‘यादी’ म्हणू नको बाई! फॅमिली ग्रुपवर आहेराची चर्चा

छकुली: सगळ्यांना नमस्कार 🙏 एक विचारायचं होतं, रागावू नका. लग्न आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात, म्हणजे दोनच महिने राह्यले, आणि आतापर्यंत चार जणांनी वेगवेगळे फोन करून विचारलं की तुला काय देऊ. म्हणून आम्ही दोघांनी बसून एक शीट बनवलीय, पुण्याच्या घरात काय काय लागतं त्याची. ज्याला जे द्यावंसं वाटतं त्याच्यासमोर नाव टाकायचं म्हणजे एकच वस्तू दोनदा येत नाही. लिंक टाकू का इथे? द्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही हं

बंटी: टाक टाक. गिफ्ट रजिस्ट्री म्हणतात त्याला

नाना काका: रजिस्ट्री प्लॉटची असते. लग्नाची कुठून आली

मी: नाना ती वेगळी 😄 ही म्हणजे नवरा-नवरीने आपल्याला काय लागतं ते आधीच लिहून ठेवायचं, पाहुण्याने त्यातलं एक उचललं की त्याच्यावर काट मारायची, दुसऱ्याला दिसतं की हे गेलं. अमेरिकेत तर 1924 साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स नावाच्या दुकानाने सुरू केलं होतं, शंभर वर्षं होऊन गेली

नाना काका: मग आपली आहेराची वहीच की. मांडवात खुर्ची टाकून बसतो ना एक जण, नाव गाव 101 रुपये लिहीत. फक्त आपण आल्यावर लिहितो, ही यायच्या आधी लिहून राह्यली

बंटी: बरोब्बर नाना 👌 आणि आपली वही परतफेडीसाठी असते, त्यांनी आपल्याकडे 501 केले म्हणून आपण त्यांच्याकडे 551. हिच्यात तसलं काही नाही

काकू (छकुलीची आई): मी तिला सांगितलं होतं ग्रुपवर नको टाकू

मोठी वहिनी: काकू टाकू द्या, माझं ऐका. आमच्या लग्नात सात भिंतीवरची घड्याळं, चार डिनर सेट आणि लेमन सेट तर मोजलेच नाहीत. सगळं जळगावहून टेम्पोत भरून 400 किलोमीटर पुण्याला नेलं, टेम्पोचं भाडं गेलं, दोन डिनर सेट रस्त्यातच फुटले आणि मिक्सर मात्र आम्हाला स्वतः विकत घ्यावा लागला कारण प्रत्येकाला वाटलं मिक्सर तर कोणीतरी देईलच. दोन घड्याळं अजून माळ्यावर पडलीयेत खोक्यासकट, कोणाला पाहिजे असतील तर सांगा

आक्का आत्या (धुळे): मला हे पटलं नाही. आहेर देणाऱ्याने आपल्या ऐपतीने द्यायचा असतो, घेणाऱ्याने सांगायचा नसतो. पत्रिकेत लोक छापतात आहेर आणू नये म्हणून, आणि तू छापणार काय काय आणावे?

छकुली: आत्या पत्रिकेत एक शब्दपण नाही. पत्रिका नेहमीसारखीच. जो स्वतःहून विचारेल त्यालाच लिंक द्यायची

आक्का आत्या (धुळे): यादी ती यादीच

बंटी: आत्या जमाना बदलला आता

आक्का आत्या (धुळे): (व्हॉइस मेसेज, 1:48)

मी: ज्यांना आता ऐकता येत नाही त्यांच्यासाठी लिहून टाकतो, आत्या अहिराणीत म्हणताय: “जमाना बदलना ते माले माहीत शे. मना लगीनना टाईमले मना बापले यादी दिधी व्हती. सायकल, घड्याळ, रेडू, पाच तोळं. बठ्ठं दिधं, रेडू नही उना. दोन आखाजीस्ले माले माहेरले धाडं नही. म्हनीसन मी म्हनस, यादी हाऊ शबदच नको.” म्हणजे रेडिओ सोडून बापाने सगळं दिलं, तरी सासरच्यांनी दोन आखाजी त्यांना माहेरी पाठवलं नाही. आणि पुढे म्हणताय की छकुलीवर राग नाही, तिचा गैरसमज नको

*(यानंतर बराच वेळ ग्रुप शांत. मध्येच कोणीतरी केळीच्या भावाचं फॉरवर्ड टाकलं आणि लगेच डिलीट केलं.)*

नाना काका: रेडिओ मीच नेला होता आक्का. तिसऱ्या आखाजीच्या आधी, सायकलच्या कॅरिअरला बांधून. तुला घ्यायला आलो होतो त्या दिवशी

आक्का आत्या (धुळे): हो रे भाऊ

वकील वहिनी: आत्यांचं बरोबर आहे आणि कायद्यातपण फरक हाच आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाच्या हातात यादी ठेवली तर ती मागणी, 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने गुन्हा, मग तिला गिफ्ट म्हणा नाहीतर मानपान. इथे दोघांनी मिळून केली, दोन्हीकडच्या पाहुण्यांसाठी आहे आणि कोणावर जबरदस्ती नाही. मी फक्त एक सुचवते, छकुलीच्या आईबाबांनी त्या शीटमधलं काहीच उचलू नये आणि जावयाच्या घरच्यांनी त्यांना ती पाठवूपण नये. अजून एक गंमत सांगते, लग्नात आलेल्या भेटींची यादी ठेवा असं कायदाच सांगतो. 1985 चे नियम आहेत. नवरीला आलेल्या वस्तूंची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याची नवऱ्याने, वस्तू काय, अंदाजे किंमत, कोणी दिली, नातं असेल तर ते, आणि खाली दोघांची सही. लग्नाच्या वेळीच करायची किंवा नंतर होईल तितक्या लवकर. आपल्याकडे वही लिहितात, सही कोणी करत नाही

नाना काका: म्हणजे सरकार माझ्या बाजूने आहे. मांडवात वही मीच घेऊन बसणार

छकुली: आत्या मी शीटचं नाव बदललं. “यादी” काढून “घरात लागणारं” ठेवलंय. आता टाकू लिंक?

आक्का आत्या (धुळे): टाक. मी बोलली म्हणून थांबू नको

मोठी वहिनी: पाह्यली शीट. छकुले यात अर्ध्या वस्तू पाच हजाराच्या वर आहेत गं. आपल्या पाहुण्यात जास्त लोक दोनशे ते पाचशेत आहेर करतात, त्यांनी काय उचलायचं? डबे टाक, चहाची गाळणी टाक, खलबत्ता टाक, पोळपाट-लाटणं टाक, चादरी टाक. नाहीतर लोक शीट उघडतील, फ्रिज बघतील आणि गप बंद करून पाकिटात 101 घालतील, वरून म्हणतील पोरगी पुण्याला जाऊन फार शहाणी झाली

छकुली: हो गं वहिनी हे डोक्यातच आलं नाही 🙈 रात्री टाकते

बंटी: फ्रिज आम्ही सात भावंडं मिळून घेऊ, माणशी चार हजार, अठ्ठावीसमध्ये चांगला येतो. फक्त डिलिव्हरी डायरेक्ट पुण्याला आणि बिल छकुलीच्या नावावर, वॉरंटीला तेच लागतं. मांडवात आणायचा नाही, ऊन बघा आणि स्टेजवर फ्रिजला टेकून फोटो काढतील लोक

छकुलीचे मामा (चाळीसगाव): आम्ही पितळी पातेल्याचा पूर्ण सेट देणार आहे, तो काही शीटमध्ये दिसला नाही

छकुली: मामा आमच्याकडे सध्या इंडक्शनच आहे, गॅस कनेक्शन घेतलं नाही अजून. पितळ, तांबं, साधं ॲल्युमिनियम चालत नाही त्यावर. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं तापतं. म्हणून कुकरसमोर “इंडक्शन बेस, 5 लिटर” लिहिलंय

छकुलीचे मामा (चाळीसगाव): लोहचुंबक घेऊन भांड्याच्या दुकानात जाऊ का मी आता

बंटी: फ्रिजवर चिकटवलेलं असतं ना मामा, तेच खिशात टाका 😂

काकू (छकुलीची आई): त्या शीटमध्ये कोणी काय घेतलं ते नावासकट सगळ्यांना दिसून राह्यलं. ते बरं नाही. एकाने ओव्हन घेतला आणि त्याच्या खाली दुसऱ्याने झारा, लोक तुलना करतील

मी: काकू बरोबर बोलल्या. नावं माझ्याकडे वेगळी ठेवतो, शीटमध्ये फक्त “झालं” एवढंच दिसेल. ज्यांना लिंकबिंक जमत नाही त्यांनी मला फोन करा, मी टिक करतो. छकुलीलापण नावं लग्नानंतरच कळतील, मग ती बसून एकेकाला फोन करेल आभाराचा

नाना काका: आणि पाकीटवाल्यांनी काय करायचं? मी तर पाकीटच देणार, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. मला डबे निवडता येत नाही

छकुली: नाना पाकीट कधीही चालेल 😄

वकील वहिनी: पाकिटावरून आठवलं. लग्नात नवरा-नवरीला जे मिळतं त्यावर इन्कम टॅक्स नाही, कितीही असो. पण तेच पैसे बाहेरच्या लोकांनी आईवडिलांच्या नावाने दिले तर ही सूट त्यांना नाही, वर्षात 50,000 च्या वर गेलं की टॅक्स लागतो. म्हणून पाकिटं त्या दोघांच्याच खात्यात भरा. आणि रोख घेताना एका माणसाकडून एका कार्यात 2 लाख किंवा त्याच्यावर घ्यायचीच नाही

नाना काका: माझ्या पाकिटाची काळजी करू नको बेटा, 2 लाखाच्या आतच आहे

छकुलीचे मामा (चाळीसगाव): एक सांगायचं राहून गेलं. मी मागच्या आठवड्यात जळगावला आलो होतो तेव्हा फुले मार्केटमधून एक घड्याळ घेऊन ठेवलंय. भिंतीवरचं. दोघांची नावं टाकून आलीत त्याच्यावर, परत घेणार नाही तो

मोठी वहिनी: झालं. बोहनी झाली 😂😂

बंटी: लगेच शीटमध्ये घड्याळ टाक आणि “झालं” कर, अजून सहा यायच्या आत

छकुली: टाकलं. मामा घड्याळ हॉलमध्येच लावणार, खरंच. पितळी पातेलीपण द्या, गॅस घेतला की वापरेन

आक्का आत्या (धुळे): त्या शीटमध्ये खापर नाही. मांडे कशावर करशील? खापर माझ्याकडून. चांगलं भाजलेलं पाहून घेते, पुण्याला नेताना फुटलं नाही पाहिजे

छकुली: आत्या 😍 पण खापरपण इंडक्शनवर नाही चालत हो, मातीचं ना

आक्का आत्या (धुळे): मंग पह्यले गॅस घे. कितला पैसा लागस ते माले फोन करीसन सांग, तठे लिखू नको

छकुली: ❤️ करते फोन