लष्करच्या विहिरी: स्क्रिप्टने काही प्रभागांचे व्ह्यू प्रकाशित होतात, काही अडकतात

विहीरवाली, ग्वाल्हेर
नमस्कार मंडळी. इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या विहिरी आणि शहरातल्या बावड्या आम्ही काही जण नकाशावर आणतोय. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ ठोकला, त्याभोवती वाडे उठले आणि वाड्यात विहीर असायचीच. आज कित्येकींवर फरशी पडली आहे. नेमकी जागा आठवणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून हे काम मला लांबवायचं नाही.

पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसची नकाशांसाठीची जोड) विहिरींचं एकच टेबल आहे. महापालिकेचे ६६ प्रभाग, प्रत्येकाला एक व्ह्यू, म्हणजे त्याच टेबलातल्या तेवढ्या प्रभागाच्या ओळी दाखवणारी जतन केलेली क्वेरी. नोंदी त्या त्या प्रभागातल्याच लोकांनी दुरुस्त कराव्यात अशी माझी इच्छा. व्ह्यूमध्ये एसटी_ट्रान्सफॉर्म या फंक्शनने भूमिती (विहिरीचा बिंदू) ४३२६ मधून, म्हणजे अक्षांश-रेखांशांतून, ३२६४४ मध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएमच्या ४४ व्या पट्ट्यात नेते. बॅश स्क्रिप्ट व्ह्यूंची यादी घेऊन कर्लने जिओसर्व्हरच्या (नकाशे वेबवर देणारा सर्व्हर) रेस्टकडे, म्हणजे स्क्रिप्टमधून आज्ञा घेणाऱ्या पत्त्याकडे, एकेक फीचरटाइप (थराची व्याख्या) पाठवते, मजकुरात फक्त नाव. दौलतगंज, जिन्सीकडचे थर लगेच दिसले. मुरारच्या बाजूचे बरेच एसआरएस (निर्देशांक पद्धत) सापडत नाही म्हणून अडकतात. सगळे व्ह्यू एकाच साच्यातले, फरक फक्त प्रभाग क्रमांकाचा. पट्टा बदलणारी ७८ अंश रेखांशाची रेषा शहराच्या पश्चिमेला जवळूनच जाते. यूटीएमचा पट्टा चुकतोय का?

बडोदेकर
ताई, पट्टा बरोबर आहे. ग्वाल्हेर साधारण ७८.२ वर, म्हणजे ४४ व्या पट्ट्यात. आमचं बडोदं आणि इंदूर ४३ व्या, तिथे ३२६४३ लागतो. मला वेगळीच शंका येते: मुरारकडच्या नोंदी अजून झाल्याच नसतील, ते व्ह्यू रिकामे असतील.

एसटी_ट्रान्सफॉर्ममधून निघालेल्या स्तंभाला प्रकार आणि एसआरआयडी (एसआरएसचा क्रमांक) चिकटलेला नसतो. जॉमेट्री_कॉलम्स (भूमितीच्या स्तंभांची यादी) उघडून पाहा, तुमच्या व्ह्यूंसमोर एसआरआयडी ० दिसेल. मग जिओसर्व्हर व्ह्यूतली पहिली भूमिती उघडून एसआरआयडी विचारतो. दौलतगंजात ती मिळते. रिकाम्या व्ह्यूत विचारायला काहीच नसतं. स्तंभ जॉमेट्री(पॉइंट, ३२६४४) असा कास्ट करा, म्हणजे त्याचा प्रकार ठरवून द्या. आणि रिकाम्या थरासाठी एसआरएस व दोन्ही बाउंडिंग बॉक्स (थराच्या चौकटीच्या सीमा, त्याच्या मूळ पद्धतीत आणि अक्षांश-रेखांशांत) स्क्रिप्टच्या मजकुरातच द्या.

माळव्यातला
६६ थर सांभाळणं जिवावर येईल. एकच व्ह्यू ठेवा, त्यात प्रभागाचा स्तंभ, आणि नकाशा मागताना सीक्यूएल फिल्टर (ओळी गाळणारी अट) लावा.

विहीरवाली, ग्वाल्हेर
बडोदेकर, मुरारचे व्ह्यू खरंच रिकामे निघाले, आणि एसआरआयडी सगळीकडे ०. मनापासून आभार. माळव्यातले दादा, नुसतं पाहायचं असतं तर तुमचं म्हणणं लगेच मानलं असतं. पण जिओसर्व्हरमध्ये लिहिण्याचा हक्क थरागणिक देता येतो. प्रभागाचा थर वेगळा असला की तिथल्या माणसाला तेवढाच हक्क देता येतो, आणि मला हेच हवंय.

बडोदेकर
लोक लिहिणार असतील तर कास्ट विसरा, ट्रान्सफॉर्मही काढा. पोस्टग्रेसमध्ये साध्या, एकाच टेबलावरच्या व्ह्यूत लिहिता येतं, पण ज्या स्तंभावर फंक्शन किंवा कास्ट आहे त्यात नाही. मूळ स्तंभ पॉइंट, ४३२६ असा बांधलेला असेल तर तो जसाच्या तसा घ्या. प्रकार आपोआप व्ह्यूत उतरतो. ३२६४४ मागणाऱ्याला सर्व्हर स्वतः रूपांतर करून देतो.

व्ह्यूला प्राथमिक की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा स्तंभ) नसते, त्यामुळे जिओसर्व्हर तो थर फक्त वाचण्यापुरता धरतो, आणि डब्ल्यूएफएसवरून (नोंदी देणारी-घेणारी वेब सेवा) पानापानाने मागितलं तर नकार देतो. त्यासाठी जीटी_पीके_मेटाडेटा टेबल करून प्रत्येक व्ह्यूची एक ओळ घाला: स्कीमा, व्ह्यूचं नाव, कीचा स्तंभ. तुमची स्क्रिप्ट यादी फिरवतेच आहे, तिथेच ही ओळही घालू द्या. व्ह्यूच्या शेवटी ‘विथ चेक ऑप्शन’ लिहा, म्हणजे एका प्रभागातून दुसऱ्या प्रभागाची विहीर घालता येणार नाही. हे झाल्यावर रेस्टच्या रीसेटला एक पोस्ट विनंती पाठवा. जिओसर्व्हर जुनी रचना लक्षात ठेवतो.

विहीरवाली, ग्वाल्हेर
मूळ स्तंभ तसाच बांधलेला आहे. आज रात्री साचा बदलून आधी मुरारचे व्ह्यू पाठवते. तिथल्या मुलांना रविवारी हक्क द्यायचेत.