डेस्कटॉपवर हेडफोनने गाणं ऐकतो, तंबोरा मध्येच गायब होतो. वीस हजारांत काय बदलू?

कुळागर:

नमस्कार मंडळी. मी सावईवेऱ्याचा, फोंडा तालुका. बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि जिथं गाणं तिथं खांद्याला टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) लावून हजर. ऐंशीच्या दशकातल्या जत्रांमधलं, सप्ताहांमधलं गाणं त्यांनी कॅसेटवर धरून ठेवलंय. बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरलेत नुसते. लेबलांवर गायकाचं नाव कधी असतं, कधी नसतं, पण राग आणि तिथी मात्र न चुकता लिहिलेली. त्यातल्या थोड्या कॅसेटी पुतण्याने संगणकावर उतरवून एमपीथ्री करून दिल्या.

रात्री जेवणं आटपली की मी त्या ऐकत बसतो. सुनेला पहाटे ड्यूटीला जायचं असतं, तेव्हा स्पीकर लावायची सोय नाही. हेडफोनच.

सामान असं: असेंबल केलेला डेस्कटॉप, आवाज मदरबोर्डवरच्या रिअलटेक चिपचा, हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात. हेडफोन पुतण्याचा जुना, गेमिंगचा. माइकची काडी मोडली म्हणून इस्टेटीत माझ्याकडे आला. पावसाळ्यानंतर त्याच्या गाद्यांचे काळे पापुद्रे सुटायला लागलेत, ऐकून उठलो की कानाला चिकटलेले असतात आणि बायको हसते.

आता दुखणं. माऊस फिरवला की कानात बारीक किरकिर. डग्ग्याचा आवाज एवढा फुगतो की गायकाचा खर्ज त्याच्याखाली चिरडतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तंबोरा. मध्येच असतो, मध्येच नसतो. गाणं चालू असताना ठीक, पण ऐकताना जीव रमत नाही.

यंदा सुपारीचे पैसे बरे आलेत. वीस हजारांपर्यंत घालीन. डॅक (संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारा वेगळा डबा) घेऊ, साउंड कार्ड घेऊ की हेडफोन?


हायरेझ_म्हापसा:

बजेट थोडं ताणा आणि फिओचा के७ डॅक घ्या. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी फायलीही चालतात, बॅलन्स्ड आउटपुट आहे. मदरबोर्डवरची चिप म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट, तिच्यावर गाणं ऐकणं हाच गुन्हा. एकदा चांगला डॅक लागला की तंबोऱ्याची तार न् तार वेगळी कळेल.


तीन_पिनी:

डॅकच्या आधी एक सांगा. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला तर झिणझिण्या येतात का? आणि प्लगला पिना दोन की तीन?


कुळागर:

येतात हो! पावसात कमी, उन्हाळ्यात जास्त. प्लग तीन पिनांचा आहे, पण भिंतीतला बोर्ड आजोबांच्या वेळचा, त्याला दोनच भोकं. मध्ये अडॅप्टर आहे.


तीन_पिनी:

मग किरकिरीचं निम्मं कारण तिथंच. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी लाइन आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे जाणारे बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण हेडफोनची ग्राउंड वायर त्याच पत्र्याला जोडलेली असते.

वायरमन बोलवा आणि त्या खोलीत खरी तिसरी वायर ओढून घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर तोही बघायला सांगा. आपल्याकडे जमीन चिऱ्याची. मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की नावाला अर्थिंग उरतं, त्यात पाणी ओतावं लागतं. पण आधी वायर.

तोवर पैसे न घालता एक करा. हेडफोन पुढच्या भोकातून काढून मागच्या हिरव्या भोकात लावा. पुढच्या भोकाची वायर मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने फिरून येते आणि वाटेत सगळ्यांची कुजबुज गोळा करते.


षड्जपंचम:

कुळागरबाब, मी पणजीत नाटकांचं आणि मैफलींचं ध्वनिमुद्रण करत आलोय, त्यामुळे माझं लक्ष तुमच्या तंबोऱ्यावरच अडकलं. डॅक, हेडफोन नंतर बघू. नीट ऐकून सांगा, तंबोरा नेमका कधी जातो?

तबल्याची जोरकस थाप पडली की एकदम खाली बसतो आणि मग हळूहळू वर येतो, असं आहे? की गायक श्वास घ्यायला थांबला की नाहीसा होतो आणि स्वर लागला की परत हजर?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत.


कुळागर:

आत्ताच मारवा लावून ऐकला. दुसरं. गायक थांबला की तंबोरा कात्रीने कापल्यासारखा जातो. मागची सरसरही त्याच्याबरोबर जाते, अगदी विहिरीत तोंड घातल्यासारखी शांतता. ‘नि’ लागला की तंबोरा त्याच्यासोबत परत.

(मागच्या भोकात लावल्यावर किरकिर जवळजवळ गेली. तीन_पिनीबाब, देव बरें करूं.)


षड्जपंचम:

वाटलंच होतं. तर मग आधी हे वाचा आणि म्हापशेकरांनी सांगितलेला डबा सध्या बाजारातच राहू दे.

बाबांच्या टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगचा आवाज आपोआप सांभाळणारं सर्किट असणार, तसल्या यंत्रांत ते सर्रास असायचं. मोठा आवाज आला की ते सगळंच खाली ओढतं, शांतता झाली की वर चढवतं. म्हणजे गायक थांबला की तंबोरा आणि टेपची सरसर वाढायला हवी. तुमच्याकडे उलटं होतंय. तेव्हा दोष बाबांच्या कॅसेटचा नाही, कॅसेट संगणकावर उतरवतानाचा आहे.

पुतण्याने बहुधा टेपची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावली असेल. तिथे बोलण्याचा आवाज साफ करणारी सोय चालू असते. तिला माणसाचं बोलणं ठेवायचं असतं आणि एकसुरी, न थांबणारा आवाज काढून टाकायचा असतो: पंख्याची घरघर, एसी. तंबोरा तिच्या हिशेबी पंखाच! एकसुरी आणि न थांबणारा. माणूस गात असतो तोवर ती दार उघडं ठेवते, तो थांबला की बंद करते. पोराला बोल लावू नका, ही सोय कोणी न सांगता आपणहून चालू असते.

आता जे फायलीत उतरलंच नाही ते लाखाचा डॅकही आणून देणार नाही. उलट हेडफोन जितका चांगला तितकी ती कात्री स्पष्ट ऐकू येईल. सुदैवाने कॅसेटी तुमच्याकडे आहेत. खात्री करायची तर त्याच मारव्याची कॅसेट डेकवर लावा आणि हेडफोन थेट डेकच्या भोकात घाला. तंबोरा सलग मिळाला तर पैसे कुठे घालायचे ते ठरलंच: ज्यात लाइन-इन (डेकचा आवाज आत घ्यायचं भोक) आणि हेडफोनचं भोक दोन्ही आहेत असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. आत उतरवायला तोच, बाहेर ऐकायला तोच. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ घ्या. त्याचाच धाकटा भाऊ सोलो नको, त्यात डावं-उजवं मिळून लाइनच्या दोन सारख्या इनपुट मिळत नाहीत. अगदी हात आखडायचा असेल तर बेरिंजरचा यूसीए२२२, पण तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबतो, हेडफोनचा जोरही बेताचाच.

उतरवताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यांत मोठी थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी जागा लागेल. मग फ्लॅकमध्ये बदलून ठेवा, जागा बरीच वाचते आणि एक कणही हरवत नाही. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी पुरे, फुकट आहे.

आणि एक गोष्ट जी कोणी करत नाही. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. बाबांच्या यंत्राच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही की झांज, टाळ, तंबोऱ्याची जवार, सगळं बोथट होतं. आवाज मोनो करून (डावं-उजवं एकत्र मिसळून) ऐकत तो स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवा. टाळ जिथे सर्वांत लखलखीत वाजेल तिथे थांबा. टू-इन-वन मोनो असेल तर नंतर फाइलही मोनोच करा, सरसर थोडी कमी होते. पण आधी स्क्रू, मग मोनो. क्रम उलटला तर डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतील आणि वरचे सूर जातील.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच डेकमध्ये घालू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. हे सगळं मृगाच्या आधी उरकलेलं बरं.


हायरेझ_म्हापसा:

डॅक वाईट असं सिद्ध झालं नाही हां. हेडफोनला जोर लागतोच. चांगला हेडफोन घेतला तर अ‍ॅम्प नको का?


षड्जपंचम:

कुठला हेडफोन त्यावर आहे. सेनहायझर एचडी ६०० घेतला, ३०० ओहमचा (म्हणजे विजेला अडथळा जास्त), एका व्होल्टला ९७ डेसिबल, तर साध्या भोकावर तो पेंगतो, तुमचं बरोबर. पण एचडी ५६०एस १२० ओहमचा असून एका व्होल्टला ११० डेसिबल देतो. अ‍ॅपलचा तो शेपटीसारखा छोटा डाँगलसुद्धा एक व्होल्ट काढतो (युरोपचा सोडून, तो निम्माच). ११० डेसिबलवर कोण मारवा ऐकणार?

आणि कॅसेटवर ३८४ किलोहर्ट्झ शोधणं म्हणजे... असो. सीडीचे १६ बिट म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला. टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटला त्याच्या जवळपासही जाता येत नाही. २४ बिट मी फक्त उतरवताना पातळी चुकली तर हात मोकळा राहावा म्हणून सांगितले.


कुळागर:

डेकवर थेट ऐकलं. तंबोरा आहे. अख्ख्या मारव्यात आहे. मध्ये गायक थांबतो तिथे तर बाबा कोणाला तरी ‘पान दी रे’ म्हणतात तेही ऐकू आलं, एमपीथ्रीत ते नव्हतंच.

इंटरफेस घेतो. हेडफोन आता उघड्या पाठीचा घेऊ की बंद? आमचं घर कौलारू. पाऊस धरला की बोलणं ऐकू येत नाही, आणि पंखा तर बारा महिने.


तीन_पिनी:

बंद घ्या. उघड्या पाठीचा म्हणजे पंखा, पाऊस, बेडूक सगळे साथीला. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. गाद्या मखमली आहेत आणि सुट्या मिळतात. आपल्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्यांचे पापुद्रे निघणारच, ते तुम्ही कानाने अनुभवताय.


षड्जपंचम:

बंदच, हे मान्य. फक्त ७७० चा डग्गा जरा सुजलेला असतो. तीच तुमची जुनी तक्रार होती, म्हणून सांगून ठेवतो. सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात १०० हर्ट्झच्या खाली तीन-चार डेसिबल उतरवा. वरच्या बाजूला ‘स’, ‘श’ टोचले तर ८ किलोहर्ट्झलाही थोडं खाली घ्या. त्या भागात हा हेडफोन तिखट आहे. आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ‘एन्हान्समेंट’ म्हणून जे काही असेल ते इनपुटलाही बंद करा, नाहीतर नवा डबाही तंबोरा खाईल.


हायरेझ_म्हापसा:

७७० माझ्याकडे पडून आहे, ८० ओहमवालाच. घ्यायच्या आधी ऐकून बघा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येत असाल तर मेसेज करा. मारव्याची कॅसेटही आणा, माझा डेक चालू आहे.


कुळागर:

येतो. वायरमन गुरुवारी येणार म्हणालाय, तो आला तर शुक्रवारी नक्की.