अनुभव धागा: भरती होण्याआधी मरणाचा विचार केला होता का?

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. रोज पहाटे तळजाईवर पळायला जातो. अग्निवीर भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तरच पूर्ण गुण मिळतात. घरात त्याची वेळ, खुराक, छातीचं माप सगळ्यावर बोलणं होतं. "तुला काही झालं तर" एवढंच कुणाच्या तोंडून निघत नाही, अशुभ बोलू नये म्हणून. मला आता ते बोलायचंय आणि सुरुवात जमत नाहीये. ज्यांनी हा हिशेब मांडला, किंवा ज्यांच्या घरच्यांनी मांडला, त्यांनी मोकळेपणाने लिहा. विचार करून न गेलेल्यांनीही लिहा.

निवृत्त हवालदार, खडकी

ताई, खरं सांगतो. १९९७ ला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, भरती झालो तेव्हा मरणाचा विचार पाच मिनिटंही केला नव्हता. बार्शीकडे दीड एकर कोरडवाहू, पाठीवर दोन बहिणी. वडिलांनी विचारलं, "पगार महिन्याच्या महिन्याला येतो ना?" झालं. दोन वर्षांत कारगिल. ५२७ जवान गेले, आईने उपास धरले. मी तिकडे नव्हतोच.

मरण जवळून पाहिलं ते पुढे, युद्ध झालंच नाही तेव्हा. संसदेवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये फौज सीमेवर गेली, ऑपरेशन पराक्रम. आम्ही राजस्थानात सुरुंग पेरले, नंतर तेच उचलले. पेरताना प्रत्येकाची नोंद होते, पण वाळू सरकते आणि सुरुंग नोंदीच्या जागी सापडत नाही. पोटावर पडायचं, सळई तिरपी धरून जमीन टोचत बोट-बोट पुढे सरकायचं. सळई उभी गेली तर दाब थेट सुरुंगाच्या डोक्यावर. माझा जोडीदार तसाच गेला. सकाळी आम्ही एका मगातून चहा प्यायलो होतो. लढाई न होता त्या मोहिमेत शेकडो जवान गेले.

गोळी सगळे मोजतात हो. सुरुंग, हिमकडा, दरीत गेलेली गाडी कुणी धरत नाही. सियाचीनमध्ये शत्रूपेक्षा जास्त माणसं थंडीने आणि बर्फाने नेली. तरी आज पुन्हा अठराचा झालो तर जाईन. फक्त आईला समोर बसवून, सगळं सांगून जाईन.

धायरी

हवालदारसाहेब, दरीतली गाडी वाचून थांबले. माझे मिस्टर तसेच गेले, ड्युटीवर. लग्न ठरताना वडिलांनी पोस्टिंग विचारलं होतं, पीस, म्हणजे शांत भागातलं, आहे म्हटल्यावर निवांत झाले होते. कागदावर 'फिजिकल कॅज्युअल्टी' आलं, म्हणजे लढाईत गेलेले नाहीत. लढाईत गेलेल्याच्या पत्नीला शेवटच्या पगाराएवढी पेन्शन मिळते, मला त्याहून कमी. पैशाचं राहू दे. "म्हणजे शहीद नाहीत का?" असं लोक विचारतात, ते लागतं.

ते दर सुट्टीत पत्र्याची ट्रंक उघडून नॉमिनेशन, विमा, जॉइंट खातं दाखवायचे. मी कानांवर हात ठेवायचे. तेराव्यानंतर ट्रंक उघडली तर सगळ्यात वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, आधी कुठे फोन करायचा, मग कुठला फॉर्म. खाली लिहिलं होतं, घाई करू नकोस, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेव.

सदाशिव पेठ

मी गेलो नाही. अग्निवीर म्हणून चार वर्षं, मग फार तर २५ टक्के जवान पुढे कायम. काही झालं तर ४८ लाखांचा विमा, असं मित्राने कागदावर मांडून दाखवलं. आई एकटी आहे, ती त्या पैशांचं काय करेल, तिथे माझा हिशेब थांबला. मित्र भित्रा म्हणतात. भीती वाटली होती, हे खरं आहे.

बारावी, कोंढवे धावडे

दादा भरतीला निघाला तेव्हा आत्याने औक्षण केलं. मे २०२५ मध्ये एनडीएतून, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या, त्यानंतर मी फॉर्म भरला, तर तीच आत्या रडली, "तुला काही झालं म्हणजे?" मी म्हटलं, दादाला का नाही विचारलंस? सगळे गप्प. संध्याकाळी दादाचा फोन आला, त्यानेही तेच विचारलं, "आत्या, खरंच, मला का नाही विचारलंस?"

फिजिओथेरपिस्ट, खडकी

तुम्ही सगळे दोनच गोष्टी धरताय, परत येईल किंवा येणार नाही. मणक्याला इजा झालेल्या जवानांबरोबर मी काम करते. सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्री दोनला, पुन्हा चारला, नाहीतर पाठीला जखमा पडतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पॅरालिंपिकचं सुवर्णपदक आणलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. कूस बदलण्याच्या रात्री ठाऊक नसतात. एक पेशंट मला म्हणाले, "मॅडम, मरायची तयारी करून आलो होतो. असं जगायची नव्हती केली." ते आता नव्या आलेल्या पोरांना व्हीलचेअर शिकवतात. ताई, मुलाला एकदा घेऊन या.

धागाकर्ती

सगळं मुलाला वाचायला दिलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, आपल्या घरातले कागद कुठे असतात ते मला माहीतच नाही." रात्री कपाटातली फाइल काढून दोघं बसलो. बोलणं तिथून सुरू झालं, साडेबारापर्यंत चाललं. फिजिओथेरपिस्ट मॅडम, तुम्हाला मेसेज केलाय, रविवारी येतो. पळणं चालू आहे, आज पाच मिनिटं एकेचाळीस.