सोबत, संगत, मजलिस : कुठं बसावं, कुठून उठावं?

प्रश्न (हर्णै, ता. दापोली)
मोहल्ल्यातल्या मुलांचा दीनी (धार्मिक शिक्षणाचा) वर्ग मी मराठीतून घेते. कुरआनातल्या सूरह (अध्याय) निसाची १४० वी आयत (वचन) शिकवताना अडले. अल्लाहच्या आयती नाकारल्या जाताना आणि त्यांचा 'इस्तिहज़ा' होताना ऐकाल, तर ते लोक दुसऱ्या बोलण्याकडे वळेपर्यंत त्यांच्याबरोबर बसू नका, असा हुकूम आहे. इस्तिहज़ाला 'मस्करी' चालेल? आणि 'सोहबत'ला सोबत म्हणू की संगत?

उत्तर (चिपळूण)
मस्करी नको, ताई. मस्करी हा शब्द मूळचा अरबी. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांना हिणवू नका म्हटलंय, तिथलं क्रियापद याच धातूचं. पण मराठीत तो फार मवाळ झाला. दीर-भावजयीची मस्करी चालते, तिच्यात माया असते. मुलांना वाटेल, दीनमध्ये हसायलाच बंदी आहे. 'टवाळी' म्हणा. समोरच्याला हलकं ठरवायचा हेतू त्यात नेमका येतो.

सोबत हा शब्द सोहबतवरूनच आलाय. तरी रात्री एसटी स्टँडवरून घरी जायला हवी असते ती सोबत, आणि ती कुणाचीही चालते. संगतीने मात्र माणूस बदलतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पैगंबरांचे सोबती अबू मूसा अशअरींनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे : कस्तुरीवाल्याकडून काही घेतलं नाही तरी सुवास मिळतो, भाता फुंकणाऱ्याजवळ बसलं तर कपडे जळतात, नाहीतर घाण वास तरी नाकात जातो. तेव्हा संगतच.

उत्तर (राजापूर)
'वळेपर्यंत' हा भाग घाईने संपवू नका, कळकळीने सांगतो. तिथलं क्रियापद 'खौद' धातूचं, मूळ अर्थ पाण्यात शिरणं. ओहोटीला खाडी पायी ओलांडताना शिरतो तसं. त्यावरून बोलण्यात खोल खोल जाणं. सूरह अनआमच्या ६८ व्या आयतीतही तेच क्रियापद आहे. शिवाय सैतानाने विसर पाडला आणि बसून राहिलात, तर आठवल्यावर उठा, असंही तिथं म्हटलंय. म्हणजे उठायचं ते टवाळी चालू आहे तोवर. बोलणं आंब्याच्या मोहोरावर किंवा मासळीच्या भावावर आलं की पुन्हा बसता येतं. या आयतीवरून शेजाऱ्याशी बोलणंच तोडा म्हणणारे भेटतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. आयतीत तसं नाही.

प्रश्न (हर्णै)
हे फार उपयोगी पडलं. मग मजलिसला 'बैठक' चालेल?

उत्तर (चिपळूण)
चालेल. मजलिस म्हणजे बसायची जागाच. पण हल्ली 'आज बसायचं का?' म्हटलं की दारूच समजतात, आणि ते तुमच्या मोठ्या मुलांनाही ठाऊक असणार. तिथूनच सुरुवात करा : ज्या दस्तरखानावर (जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर) दारू फिरते तिथं बसू नये, अशी हदीस तिर्मिज़ी या संग्रहात आहे. मजलिस संपताना म्हणायची 'सुब्हानकल्लाहुम्म व बिहम्दिक' ही दुआही घ्या. तिला कफ्फारतुल मजलिस म्हणतात. मी मराठीत 'बैठकीत घडलेल्या चुकांची भरपाई' असं सांगतो, लहान मुलांनाही ते समजतं.