गाई चिकटवल्यासारख्या का दिसतात?

तुम्ही इथे टाकलेल्या गाईंच्या चित्रात तैलरंगातलं कुरण सुंदर उतरलंय. गाई मात्र कापून चिकटवल्यासारख्या वाटतात, त्यावर इथे अनेकांनी गाईच्या शरीररचनेचा सराव सुचवलाय. मला दोष कडांचा वाटतो. गाईभोवती सगळीकडे सारखीच धारदार कड आहे. उन्हातली पाठ तेवढी स्पष्ट ठेवा. पोट आणि पाय गवताच्या ओल्या हिरव्या रंगात मिसळू द्या. खूर रंगवूच नका, ते गवतात बुडालेले असतात. पायांवरून गवताचे दोन-तीन फटकारे खालून वर ओढा आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश पुसा, नाहीतर रंग मळतो.

सावलीतला काळा खरवडून काढा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून पुरेसा गडद रंग मिळतो. पांढऱ्या गाईच्या पोटाखाली गवताचा हिरवट उजेड पडतो, सावलीतल्या पाठीवर आकाशाचा निळसर. हे दोन रंग पडले की गाय त्या कुरणातली वाटते.

मागची गाय वासरासारखी दिसते, कारण ती फार खाली बसवलीये. सपाट कुरणात उभं राहून पाहिलं तर क्षितिज डोळ्यांच्या उंचीवर, साधारण 1.5 मीटरवर असतं. गाईची पाठ 1.4 मीटरच्या आसपास. म्हणून जवळची असो वा लांबची, प्रत्येकीची पाठ क्षितिजरेषेच्या किंचित खालीच यायला हवी. मान खाली असली तरी पाठ तिथेच राहते.

फ्रेंच चित्रकार कामीय पिसारो 1884 मध्ये फ्रान्समधल्या एरान्यी गावी राहायला गेला. तिथली त्याची गाईंच्या कुरणांची चित्रं मोठी करून पाहा, विशेषतः सावल्यांचे रंग.