मदत हवी आहे: १२ इंची सबवूफर (बासचा स्पीकर, पुढे नुसतं 'सब') बदलू की नुसता बॉक्स? (स्विफ्ट, बजेट २५ हजार)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २०१९ ची स्विफ्ट. नोकरी पुण्यात, गाव विट्याजवळ, महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं आणि जाताना येताना चार-साडेचार तास गाणी चालूच असतात. अभंग, लावणी, जुनी हिंदी, बायकोला आवडणारी नवी गाणी, सगळंच.

सिस्टीम अशी आहे: कंपनीचाच टचस्क्रीन, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, सीटखाली चार चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर). त्याचे दोन चॅनल दारांना आणि उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) डिकीतल्या १२ इंची सबला. सब सिंगल कॉइल ४ ओहमचा, आरएमएस (सतत झेपणारी ताकद) ३०० वॉट. ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमला २५० वॉट देतो असं त्याच्या पुस्तिकेत आहे. बॉक्स दुकानातून रेडीमेड घेतला, पोर्टवाला (हवा आत-बाहेर जायला नळी असलेला).

अडचण ही की बास भरपूर आहे पण सगळ्या गाण्यांत एकच आहे. ढोलकी असो, तबल्याचा डग्गा असो, बास गिटार असो, मागून एकाच सुरात 'धुम्म धुम्म' येतं. माझे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, चाळीसेक वर्षं वाजवतायत. गेल्या आषाढीला पंढरपूरला जाताना गाडीत अभंग लावला तर म्हणाले, "अरे ह्यात पखवाज कुठाय, कुणीतरी पिंप बडवल्यासारखं वाटतंय." डाव्या बाजूला कणीक लावल्यावर जो भरीव, गोल आवाज निघतो तो मी लहानपणापासून घरात ऐकलाय त्यामुळे ते म्हणाले ते मला लगेच पटलं, आणि तेव्हापासून माझंही त्या सिस्टीमवर मन लागेना झालंय.

दुकानांत विचारून झालं. एकजण म्हणतो असाच अजून एक सब लावा, दोन १२ इंची झाले की बास 'भरेल'. दुसऱ्याने सांगितलं हे सगळं विकून टाका, मोनो (एकाच चॅनलचा) ॲम्प आणि ड्युअल कॉइलचा सब घ्या, बॉक्ससकट ४२ हजार. ते माझ्या आवाक्यात नाही. तिसरा म्हणाला सीटखालचा पातळ ॲक्टिव्ह (ॲम्प आतच असलेला) सब लावा म्हणजे डिकी मोकळी होईल. डिकीचाही प्रश्न आहेच, मुळात २६८ लिटरची, त्यात हा बॉक्स बसला की गावाहून येताना ज्वारीचं पोतं आणि द्राक्षाच्या पेट्या मागच्या सीटवर ठेवाव्या लागतात आणि पोरं त्यात अडकून बसतात.

अजून एक, रात्री आवाज वाढवला की बासच्या ठोक्याबरोबर हेडलाइट किंचित मंद होतात.

मापं टेप लावून घेतलीत. बॉक्स बाहेरून ६० × ३७ × ३२ सेंटीमीटर, १८ मिमी एमडीएफ. पोर्ट गोल, आतला व्यास १० सेंटीमीटर, लांबी १५. सबच्या कागदावर एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ४८ लिटर असं लिहिलंय, ह्याचा अर्थ मला कळत नाही पण तुमच्यातल्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून देतोय. चुलतभाऊ सुतारकाम करतो, मापं दिली तर बॉक्स तो बनवून देईल. नक्की काय बदलू?

प्रतिसाद १:

दादा, कागदावरचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही. तुमच्या सबला काहीही झालेलं नाही, बॉक्स चुकीचा आहे.

बाहेरच्या मापातून पाट्यांची जाडी वजा केली तर आतून ५६.४ × ३३.४ × २८.४, म्हणजे साडेत्रेपन्न लिटर. त्यातून सबचा मागचा भाग आणि पोर्ट स्वतः जी जागा खातो ती काढली की उरतात साधारण ५० लिटर. ५० लिटरला १० सेंटीचा, १५ लांबीचा पोर्ट म्हणजे ट्यूनिंग येतं ४६ हर्ट्झच्या आसपास. रेडीमेड बॉक्स बरेचदा असेच उंच ट्यून केलेले असतात कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना ते दणदणीत वाटतात. त्या ४६ च्या आजूबाजूला बॉक्स स्वतःच गातो म्हणून प्रत्येक गाण्यात तोच सूर. आणि ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाल्या बॉक्सचा आवाज दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) २४ डेसिबलने पडतो, शिवाय कोनला (सबच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून हवेचा आधार उरत नाही, तो नुसताच हलत राहतो. पोर्ट ३१ सेंटीचा केला तर ट्यूनिंग ३५ वर येईल, पण ०.५० क्यूटीएसचा (कोनचं हलणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) सब पोर्टपेक्षा बंद बॉक्समध्ये जास्त शोभतो आणि तुम्हाला डिकीही हवीय.

म्हणून सीलबंद बॉक्स करा. आतून निव्वळ ३० लिटर घेतले तर क्यूटीसी (सब आणि बॉक्स मिळून तोच आकडा) ०.८ येतो (०.७ आदर्श मानतात, त्याला ४८ लिटर लागतील, पण ०.८ ला कान तक्रार करत नाही). सीलबंदचा आवाज खाली दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलनेच उतरतो आणि छोट्या गाडीची केबिन खालचे सूर आपोआप उचलते, त्यामुळे बेरीज सपाट होते. पखवाज तिथे सापडेल. एकूण दणका थोडा कमी होईल हे आत्ताच सांगून ठेवतो.

भावाला बाहेरचं माप द्या: रुंदी ५०, उंची ३६, खोली २५ सेंटीमीटर, १८ मिमी एमडीएफ. सबची पाटी जमलं तर दुहेरी करा, पण दुसरी पाटी बाहेरून लावा, आतली जागा खाऊ नका. सगळे सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने, आतून सिलिकॉन, आणि ते पूर्ण दिवसभर वाळल्याशिवाय सब बसवू नका. झाल्यावर कोन हाताने हळूच दाबून सोडा, तो सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे. शंका असेल तर गाणं चालू ठेवून सांध्यांपाशी उदबत्ती धरा, धूर थरथरला तर तिथे गळतंय.

आणि एक रुपयाही घालण्याआधी हे करा: जुना टॉवेल घट्ट गुंडाळून पोर्टमध्ये ठासून बसवा आणि तोच अभंग ऐका. बॉक्स बऱ्यापैकी सीलबंद होतो, फरक लगेच कळेल.

दुसरा सब मात्र अजिबात नको. ४ ओहमचे दोन पॅरलल जोडले की २ ओहम होतात, आणि चार चॅनलचे बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ च्या खाली चालत नाहीत, तापून बंद पडतात.

प्रतिसाद २:

बॉक्सबद्दल वर सगळं आलंय, मी हेडलाइटबद्दल सांगतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. पॉवर केबलचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती काढून शुद्ध तांब्याची ४ गेज जाडीची टाका. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा, ॲम्पजवळ असेल तर उपयोग नाही, मधे केबल पत्र्याला घासली तर सरळ आग लागू शकते. ग्राउंडच्या (ॲम्पची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या) बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा पाडलाय का तेही बघा. गेन (ॲम्पवरचा जोर ठरवणारा नॉब) मल्टिमीटरने लावा, बास बूस्ट बंद ठेवून ५० हर्ट्झचा टोन, सबची वायर काढून ॲम्पच्या टोकांवर साधारण ३१ व्होल्ट एसी, त्याच्या पुढे नाही. लो-पास (वरचे सूर सबला जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झला.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. टॉवेल काल रात्रीच कोंबला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून तोच अभंग तीन वेळा ऐकला. दणका कमी झाला हे खरं, पण पखवाजाचा डावा हात वेगळा ऐकू येतोय, घुमारा चढतो-उतरतो तोही कळतोय, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

सकाळी बॉनेट उघडलं तर फ्यूज खरंच बॅटरीपाशी नाहीये, आत सीटखाली ॲम्पला चिकटून आहे, आणि केबल आतून चंदेरी निघाली. पोरं मागे बसतात त्या गाडीत हे इतके दिवस असंच होतं ह्याचा फार त्रास झाला. फ्यूज उपसून ठेवलाय, बॅटरीकडचं टोकही सोडवलंय, आता केबल बदलल्यावरच सिस्टीम चालू करीन. शनिवारी गावी जातोय, भावाला मापं पाठवलीत.

एकच विचारायचं राहिलं, नव्या बॉक्समध्ये सबचं तोंड मागे डिकीच्या दाराकडे ठेवू की वर? वर केलं तर त्यावर पोतं ठेवता येणार नाही, पण आवाजात फरक पडत असेल तर भावाने लाकूड कापायच्या आत सांगा.