मदत हवी आहे: उबुंटूचं रूट पार्टिशन डावीकडे कसं वाढवावं?

नमस्कार मंडळी,

बहिणीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू २२.०४ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) शेजारीशेजारी आहेत. उबुंटूचं रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा ज्या भागात ती सिस्टिम बसवलेली आहे तो, ३० जीबीचं; त्याची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) ईएक्सटी४. ते जवळपास भरलंय, अपडेटही अडकतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून ६० जीबी जागा मोकळी केली आहे. पण ती रूटच्या डावीकडे आहे, आणि मध्ये विंडोजचं छोटं रिकव्हरी पार्टिशन आडवं येतंय.

जागा उजवीकडे असती तर प्रश्नच नव्हता. पार्टिशनचा शेवट पुढे सरकवायचा आणि चालू सिस्टिमवरच फाइल सिस्टिम वाढवायची, ईएक्सटी४ला ते चालतं. इथे मात्र सुरुवातच मागे न्यायची आहे. म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूतून) जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं साधन लावून सगळा डेटा हलवावा लागणार, आणि मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टिम बिघडायची भीती. लॅपटॉपची बॅटरी बरी आहे, पण तेवढ्यावर विसंबावं असं वाटत नाही. बहिणीचं प्रबंधाचं काम या लॅपटॉपमध्येच आहे. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतलाय, तरी धाकधूक आहेच.

दुसरा मार्ग म्हणजे मोकळ्या जागेत नवं ईएक्सटी४ पार्टिशन करून होम फोल्डर (स्वतःच्या फाइलींचा) तिकडे न्यायचा आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने, नोंद करायची. मला हाच सुरक्षित वाटतो, पण रूट तीसच जीबी राहील. स्नॅप (उबुंटूची जागा खाणारी अ‍ॅप पॅकेजं) आणि जुने कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) काढल्यावर तेवढं पुरतं का?

रिकव्हरी पार्टिशन हलवल्यावर विंडोजची दुरुस्तीची सोय बंद पडते का, हे कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.